वाईट बाण

बाण हातात आला की आबा आधी तो चाटायचा. बघणं-बिघणं सगळं नंतर. टोकापासून खाचेपर्यंत सावकाश जीभ फिरवायची, डोळे मिटून तोंड मचमच करायचं आणि बाजूला पचकन थुंकून म्हणायचं, "ह्यो न्हाई."

मला शिसारी यायची. आता माझं कामशेतला चिकनचं दुकान आहे, म्हणजे मी काही नाजूक माणूस नव्हे. उजाडल्यापासून रक्त, आतडी आणि पिसं यांतच माझे हात असतात. पण कुठल्या रानातली काठी, कुणाकुणाचे हात लागलेली, आणि तिच्यावरून हा म्हातारा जीभ फिरवतोय, शी! मी तोंड फिरवून म्हणायचो, "आबा, अहो, गिऱ्हाईक उभं आहे माझं."

"मंग त्यालाबी चाटू द्या की," तो म्हणायचा. "काठी वली हाय का वाळली, ते डोळ्याला न्हाई कळत शेट. जिभंला कळतं. वली काठी ग्वाड लागती."

आबाची वाडी वडिवळ्याच्या धरणावर, डोंगराच्या कुशीत. पंधरा-वीस घरं असतील नसतील. वाडीच्या खाली, पाण्याच्या अंगाला त्याचं एकट्याचं खोपट होतं. त्यात तो आणि त्याची विधवा लेक हौसा राहायची. कामशेतच्या बाजाराच्या दिवशी तो खाली उतरायचा आणि थेट माझ्या दुकानामागच्या पिंपाकडे जायचा. त्या पिंपात दिवसभराची पिसं आणि नको ते सगळं पडतं. मी स्वतः तिकडे नाकाला फडकं लावून जातो. हा गडी मात्र पिंपापाशी उकिडवा बसून खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि बाणांना लावायला पंखांची मोठी पिसं एकेक करून बाहेर काढायचा. मग कागद अंथरून त्यांचे दोन ढीग. डाव्या पंखाची इकडे, उजव्या पंखाची तिकडे.

"दोन ढीग कशाला?" मी एकदा विचारलं.

"येका बाणाला येकाच अंगाची पिसं लागत्यात. डावी तर डावी. मिसळ क्येली की बाण हवंत बावचळतो."

ब्रॉयलरच्या पिसाला तो हातसुद्धा लावत नसे. चुकून आलंच बोटांत तर किडा झटकावा तसं झटकायचा. "ही कोंबडी जलमात कधी उडली का? जी उडली न्हाई तिचं पीस बाणाला काय उडवील?" गावरान कोंबडा कापला असेल त्याच दिवशी त्याचं काम व्हायचं. नसेल तर माझ्यावरच डाफरायचा, जणू गावरान कोंबडे न कापून मी त्याचं घर बुडवलंय.

एकदा लोणावळ्याच्या एक बाई गाडीतून उतरल्या. चांगलं बांधलेलं गिऱ्हाईक, दर रविवारचं. त्या पैसे काढत होत्या आणि नेमका त्याच वेळी आबा मागून आला. डोक्यात पिसं, कोपरापर्यंत हात बरबटलेले, आणि त्याच हातातला बाण चाटत चाटत. बाईंनी तोंडावर पदर घेतला आणि चिकन न घेताच गाडीत जाऊन बसल्या. पुन्हा काही आल्या नाहीत. मी आबाला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पुढच्या बाजाराला त्याने येऊन पानात बांधलेली करटुली माझ्या गल्ल्यावर ठेवली आणि सरळ पिंपाकडे गेला. मी तोंड वाकडं करूनच ती घरी नेली. भाजी मात्र झकास झाली होती.

तुम्ही म्हणाल, या काळात बाण हवेत कुणाला? शिकारीला बंदी येऊन जमाना झाला. वाडीतली पोरं तळेगावच्या कंपन्यांत जातात, उर्स्याच्या टोलनाक्यावर उभी राहतात. पण चैत्रात एक दिवस अजून वाघजाईपुढे प्रत्येक घराने आपली कमान आणि बाण घेऊन बसायचं आणि आबाने त्यातले बाण निवडायचे. निवडलेले बाण वर्षभर आईपुढे उभे राहायचे. उरलेले तिथेच मोडायचे. शिकार नाही, काही नाही. नुसती निवड.

मी एकदा गेलो होतो, मानाचा कोंबडा माझ्याकडचा होता म्हणून. बाप्ये रांगेत बसले होते आणि आबा एकेकापुढे बसून बाण घ्यायचा, चाटायचा, नखावर गरागरा फिरवायचा, एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर टाकायचा. थुंकला की समोरच्याचं तोंड उतरायचं. स्वतःच्या सख्ख्या भावाचा अख्खा जुडगा त्याने गुडघ्यावर घेऊन कडाकडा मोडला. "ह्यानं घाव व्हईल. मराण न्हाई यायचं," म्हणाला. भावाने त्याला देवीसमोरच शिवी हासडली. मी हसून हसून बेजार.

जेवताना मी म्हटलं, "आबा, मारायचं तर काहीच नाही. मग एवढी थुंकाथुंकी कशाला?"

तेव्हा त्याने वाडीची रीत सांगितली. बाण लागून जनावर पळालं तर बाण मारणारा घरी गेला तरी चालतं. ज्याने बाण निवडून दिला त्याने जनावराच्या मागे जायचं. ते सापडेपर्यंत आणि त्याचा जीव सुटेपर्यंत. मग डोंगर लागो, दरी लागो, पाऊस लागो.

"मारनाऱ्याचं काय," आबा भाताचा घास थांबवून म्हणाला. "त्याचा हात हालतो, जनावर हालतं, चुकतंया. निवडनारा सावलीत बसून निवडतो. त्यानं का चुकावं?"

आता एका फार्महाउसवाल्याकडे येतो. यायला जीवावर येतं, पण त्याच्यावाचून हे पुरं होत नाही.

धरणाच्या पाण्याच्या बाजूचा उतार या साहेबाने विकत घेतला. जमीन ज्याच्या नावावर होती त्याने विकली. त्यात आबाचं खोपटही गेलं. आबाच्या बापापासूनचं खोपट, पण कागदावर त्याचं नाव कुठे नव्हतं. साहेबाने भिंत घातली, समोर एवढं धरण भरलेलं असताना पोहायला तलाव बांधला आणि खोपट मात्र राहू दिलं. दया वगैरे काही नाही. पाहुण्यांना खोपटासमोर फोटो काढायला आवडायचं आणि चुलीवरच्या भाकरी हौसा करायची. त्यांच्या पार्ट्यांचं चिकन माझ्याकडून जायचं. धंदा आहे, मी देत होतो. पण तिथून परत आलो की मला अंघोळ करावीशी वाटायची.

मग साहेबाला धनुष्याचं वेड लागलं. परदेशातून लाकडी धनुष्य मागवलं, साहेबाच्या उंचीचं. एक दिवस मनगटाला चामड्याचा पट्टा बांधून माझ्या दुकानात हजर. आबा पिंपापाशी होता, हे त्याला ड्रायव्हरने सांगितलेलं.

"काका, मला ओरिजिनल बाण हवेत. शिकारीचे. एकदम ट्रॅडिशनल," साहेब म्हणाला. "रानडुक्कर मारायचंय. तुम्ही सिलेक्ट करून द्यायचे."

"न्हाई," आबा म्हणाला.

"परमिशनचं मी बघतो. त्याची काळजी नको."

"त्ये न्हाई सायेब. तुमच्यानं ती कमान पुरती वढवत न्हाई, म्या पायलंय. डुकराचं कातडं जाड असतंया. अर्ध्या जोरानं बाण पोटात शिरंल आन् तितंच ऱ्हाईल. जनावर मरंना आन् जगंना."

साहेब हसला, पण कान लाल झाले त्याचे. चारचौघांत, चिकनच्या दुकानात, पिसं चिकटलेल्या म्हाताऱ्याने त्याच्या बळाचं उणं काढलं होतं.

दुसऱ्या दिवशी हौसा पार्टीचं चिकन न्यायला आली तेव्हा आबा माझ्याकडेच चहा पीत होता. ती पिशवी टेकवून सरळ बापासमोर जाऊन उभी राहिली. "बा, डायवर सांगत व्हता, सायेब खोपट काढून तितं लॉन करनार म्हनून. तू न्हाई का म्हनालास? येक बाण दे की निवडून! गावाचे बाण निवडतोस, तितं काय मरतंय का कोन?"

"ह्यो मारनार हाय म्हनून तर न्हाई."

"मंग आपून कुटं जायचं? काकाच्या घरात माणसं पाय दुमडून निजत्यात. तुझ्या त्या बाणांच्या भाऱ्यावर चूल मांडू का मी?"

आबाचा चहा बशीतच निवून गेला. 

त्यानंतर तो आला तेव्हा बाजाराचा दिवस नव्हता. पिंपापाशी बसला आणि बघतो तर काय, बुवा चक्क ब्रॉयलरची पिसं निवडतोय! मी म्हटलं, "आबा, डोळे गेले की काय? ही उडलेली कोंबडी नव्हे."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "वाईट बाण करायचाय."

त्याने मला तो दाखवला. ओल्या चिव्याची बारीक बांबूकाठी, निखाऱ्यावर शेकून मुद्दाम जराशी वाकवलेली. पातं बोथट. आणि पिसं डावी-उजवी मिसळून, वर ब्रॉयलरची. "ह्यो सुटला की भलतीकडंच जानार," आबा म्हणाला. "सायबाचा शबूद ऱ्हाईल, हौसाची चूल ऱ्हाईल आन् जनावर बी ऱ्हाईल."

मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन चहा पाजले. "लबाड आहात हो आबा," म्हटलं. तोही हसला, पण बाण त्याने अंगापासून लांब धरला होता, मेलेला उंदीर शेपटीला धरतात तसा. तो त्याने चाटला नाही. जाताना म्हणाला, "असला घाणेरडा बाण ह्या हातानं कधी क्येला न्हवता शेट." आणि थुंकला. या वेळी मला त्याची किळस आली नाही.

ठरलेल्या दिवशी मीच चिकन घेऊन गेलो, त्या बाणाची गंमत बघायची होती म्हणून. ऊन कलायला आलं होतं. भिंतीमागे ओढ्याच्या काठी साहेबाने आठवडाभर पार्टीचं उष्टं टाकायला लावलं होतं, डुकरांना चटक लागावी म्हणून. बिर्याणी, केकचे तुकडे, हाडकं, प्लॅस्टिकच्या ताटल्या. सगळं कुजून एक झालेलं. माझ्या पिंपाला चाळीस वर्षांची सवय असलेलं हे नाक, पण मीही दोन पावलं मागे सरलो. आणि त्या घाणीकडे तोंड करून वरच्या ओट्यावर खुर्च्या मांडलेल्या. ग्लास हातात घेऊन साहेबाचे दोस्त बसलेले. कुणी अत्तर मारलं होतं. तो वास त्या वासात मिसळत होता. थू!

डुकरं आली. पुढे एक मादी होती, भली जाड. ती केकमध्ये तोंड घालून उभी राहिली. साहेबाने आबाचा बाण घेतला आणि कमान ओढली. आबा म्हणाला होता तशी अर्धीच. मादीच्या मागे मोठा नर होता, त्याच्यावर नेम होता म्हणे. सोडताना साहेबाचा हात उजवीकडे हिसकला. बाण सुटला आणि आबाने केला होता तसाच डावीकडे बावचळत वळला. साहेबाची चूक आणि आबाची युक्ती, दोन्ही एकमेकींना जाऊन मिळाल्या आणि बाण सरळ गेला, पण जोर कमी म्हणून नराच्या अलीकडे उभ्या असलेल्या त्या मादीच्या पोटात घुसला.

ती ओरडली. डुकराचं ओरडणं ज्याने ऐकलंय त्याला सांगायला नको, माणसासारखं असतं ते. ओट्यावर टाळ्या पडल्या. "क्या शॉट है यार!" कुणीतरी साहेबाच्या डोक्यावर ग्लास ओतला. मादी पोटात बाण घेऊन, ताटल्या उधळत ओढ्यात उतरली आणि पलीकडच्या करवंदीत शिरली. तो खालचा ओरडा अजून येत होता आणि साहेब धनुष्य उंच धरून फोटोला उभा राहिला. मी रोज कोंबड्या कापतो, मरणाचं मला कुणी शिकवायला नको. पण त्या माणसांची मला जी घाण वाटली ना, ती कुठल्या साबणाने जाईल असं वाटत नाही.

 आबा खोपटात गेला, कोयता घेऊन बाहेर आला आणि ओढ्याकडे निघाला.

"काका, राहू दे, सकाळी बघू!" साहेब ओरडला. "जेवून घ्या!"

हौसा धावत आली. "बा, सांज व्हतीया. पाय सरळ पडत न्हाईत तुझं. नगं जाऊस."

"निवडला कुनी?" आबाने विचारलं आणि तो करवंदीत शिरला.

दुसरा दिवस पुरा गेला. वाडीतले दोघे-चौघे बघायला गेले ते हात हलवत आले. तिसऱ्या दिवशी दुपारी तो माझ्या दुकानात आला. गुडघे फुटलेले, धोतराच्या चिंध्या झालेल्या, आणि अंगाला असा वास की माझा पोऱ्या बाहेर जाऊन उभा राहिला. "पानी द्या शेट," म्हणाला. तांब्याभर पाणी एका दमात प्यायला. मग नळाखाली हात धरून बसला. माझा साबण घेतला, हात धुतले, पुन्हा साबण घेतला, पुन्हा धुतले. 

"वरच्या पठारापत्तोर गेलती," तो म्हणाला. "रगात, मग नुसती घान पडलेली, त्या मागावर ग्येलो. डबक्यात बसली व्हती. पोटाला माश्यांचं मोहोळ. जीव व्हता. माझ्याकडं बघत व्हती."

"मग?"

"सोडवली. दगडांखाली पुरली." त्याने ओले हात गुडघ्यांवर पालथे ठेवले. "म्या जलमभर चांगलं बाण निवडलं, आन् वाईट येक निवडला. त्योच लागला."

 मी चहा सांगितला. चहा यायच्या आत साहेबाचा ड्रायव्हर आला. आपल्याच भागातला पोरगा, आबाला बघून त्याने नजर खाली घातली. "आबा, सायबांनी मुंडकं मागिवलंय. भित्तीवर लावायचं म्हनत्यात. जागा दाखवा, गाडी आनलीया."

"न्हाई."

"दात तरी द्या. मी सांगतो कायतरी."

"न्हाई."

"आबा, अवो घराचा इचार करा."

"क्येलता की," आबा म्हणाला. "म्हनून तर ह्ये झालं."

ड्रायव्हर उभ्या उभ्या परत गेला. मी मनात म्हटलं, दे ना बाबा ते मुंडकं. मेलेलं डुक्कर, आणखी काय मरणार आहे?  ड्रायव्हरने जागा नाही सापडली म्हणून सांगितलं. साहेबाने त्यावर विश्वास ठेवला नाही. दोन दिवस माणसं लावून त्याने पठार धुंडाळलं, मिळालं नाही, तेव्हा खोपट पाडायला जेसीबी आणला. हौसाला भांडी काढायला तेवढा वेळ दिला. सारवलेली जमीन आणि चुलीचे दगड जेसीबीच्या खोऱ्याने एका फटक्यात उचलून ओढ्यात टाकले. वाडी बघत उभी होती. बोलणार काय? कागद त्याच्याकडे.

घाटाखाली कर्जतच्या बाजूला हौसाच्या दिराचं घर आहे. तिकडे वीटभट्टीवर काम मिळेल म्हणून दोघं निघाली. त्यांचा टेम्पो माझ्या दुकानासमोर थांबला. गोधड्या, डबे, एक उलटी खाट, त्यात आबा. मला वाटलं निरोप घ्यायला थांबलेत. हौसा पाण्यासाठी उतरली होती. पाणी पिऊन झाल्यावर तिने तांब्या माझ्या गल्ल्यावर आपटला. आबाही हळूहळू खाली उतरून आला होता.

"शेट, तुमी तरी इचारा ह्याला," ती म्हणाली. "मी इचारून थकले. बाण निवडलास, त्याचं पाप निस्तारलंस, जनावर पुरलंस. समदं खरं. मंग मेल्या डुकराचं मुंडकं द्यायला काय झालं व्हतं? माती व्हनारच व्हती त्याची. त्या मुंडक्यापायी माझी चूल ओढ्यात ग्येली. डुक्कर ते! आन् मी कोन?"

तिचं खोटं नव्हतं. मी म्हटलं, "आबा, खरं आहे तिचं. एवढं काय होतं त्यात?"

आबा रस्त्यावरच्या गाड्या बघत होता. लेकीकडे न बघताच बोलला.

"गाभन व्हती, पोरी."

हौसा थांबली.

"कोयता घातला, ती ग्येली. पर प्वाट हालत ऱ्हायलं. पिल्लं व्हती आत. ती निजूस्तर म्या हात ठिवून बसलो व्हतो." त्याने हात नुसता हवेत पालथा धरून दाखवला. "त्यानंतर पुरली. कसं उकरू देऊ गं कुनाला?"

 टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला.  हौसा आधी टेम्पोत चढली, गोधड्या सरकवून जागा केली आणि खाली वाकून दोन्ही हातांनी त्याला वर ओढून घेतलं. घाटात वारं लागतं म्हणून तिने आपल्या पदराने त्याचे कान घट्ट बांधले.